कॅपो लावला की सूर परत बघ!

चार माणसं आठवड्यातून दोनदा वाद्यं घेऊन एका जागी बसली की गाणी किती बसतील ते सांगता येत नाही, पण किस्से नक्की जमतात. आमची निम्मी गाणी मी आता विसरलोय. कुठल्या गाण्याला कुठली कॉर्ड होती हे विचारलंत तर वही शोधावी लागेल. पण कोण कुणाला कुठे काय बोललं ते विचारा, एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही!

आम्ही चौघं. डिचोली तालुक्यात कारापूरला रामनाथबाबांच्या सोप्यावर तालीम असायची. रामनाथबाब पेटीवर. देवळातल्या भजनाला त्यांनी जन्मभर साथ केलेली, त्यामुळे कान फार तिखट. शालिनीबाय गायच्या. त्या साखळीला प्राथमिक शाळेत शिक्षिका. तबल्याला मारुती पाटील, मूळचा गडहिंग्लजकडचा, आमच्याकडे कारखान्यात फिटर. आणि गिटारवर मी, शालिनीबायच्याच शाळेत क्लार्क. गोव्याचं नुकतंच वेगळं राज्य झालं होतं, गावोगावी कार्यक्रम होते, आणि भावगीताला गिटार असली की लोकांना ते मॉडर्न वाटायचं. म्हणून मला भाव!

माझी अडचण एकच. मला मोजक्याच कॉर्ड्स यायच्या. शालिनीबायनी पट्टी बदलली की रामनाथबाब बोटं सरकवून मोकळे, मी मात्र अडकून बसायचो. त्यावर उपाय म्हणजे कॅपो. गिटारच्या मानेवर आडवा बसवायचा चिमटा. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्यांनी घरं पाडलेली असतात; ज्या घरावर लावाल तिथून सगळ्या तारा आखूड होतात आणि सूर तेवढा वर चढतो. बोटं तीच, पट्टी नवी.

सांगायला सोपं आहे. करून बघा!

* * *

पहिला कॅपो मी स्वतः बनवला. म्हापशाला एका लग्नात एक गिटारवाला पेन्सिल आणि रबर वापरून काम भागवत होता, ते पाहून आलो होतो. अख्खी पेन्सिल तारांवर आडवी ठेवायची आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी मानेभोवती घट्ट आवळायची. झाला कॅपो.

देवळाच्या मंडपात दुपारचा कार्यक्रम होता. पहिलं गाणं छान गेलं. दुसऱ्या गाण्यात सूर थोडा खरखरायला लागला, म्हणून मी ट्यूबला आणखी एक वेढा दिला. गाणं अंतऱ्यावर आलं आणि माईकसमोर "काड्!" असा मोठा आवाज झाला.

रामनाथबाबांनी पेटी न थांबवता विचारलं, "तार तुटली?"

"ना बाब, पेन्सिल."

"मगे टोंक काड आनी परत लाय!"

माईक चालू होता. सगळ्या मंडपाने ऐकलं. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो तर माझ्या टेबलावर शार्पनर ठेवलेला. शालिनीबाय वर्गात निघून गेल्या होत्या.

* * *

मग खरा कॅपो आला. आमच्या शेजारचा एकजण जहाजावर कामाला होता, त्याने सुट्टीवर येताना आणला. काळा, चकचकीत, स्प्रिंगवाला. मी तो खिशात घालून शाळेतसुद्धा जायचो.

पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी मी घरी अर्धा तास खपून गिटार सुरात लावली. हॉलमध्ये पोचलो, तिसऱ्या घरावर कॅपो चढवला आणि ऐटीत सुरुवात केली. दोन ओळी झाल्या नाहीत तोच रामनाथबाब थांबले.

"गिटारीचो सूर वयर गेला."

"शक्य नाही बाब. घराकडून नीट जुळवून आणलीय."

"मगे घराकडेनच वाजोवपाची!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. कॅपो लावायला सांगितला आणि एकेक तार पेटीबरोबर ताडून दाखवली. जाड तार चढलेली, तिसरी त्याहून चढलेली. चिमट्याने तार खाली दाबली की ती ताणली जाते आणि सूर सरकतो, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. चिमटा तिरका बसला तर आणखी वाईट. सरळ बसवायचा, घराच्या धातूच्या पट्टीच्या अगदी मागे बसवायचा आणि मग सूर परत बघायचा. काढल्यावरही परत बघायचा.

"दर खेपेला?" मी विचारलं.

"तूं जेवण दर दिसा करता मरे?" रामनाथबाब म्हणाले.

* * *

तरी एक तार काही केल्या वठणीवर येईना. मारुतीने चिमटा हातात घेतला, दोन-तीनदा दाबून पाहिला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मीच तो बनवलाय.

"आयला, ह्यो सुराचा चिमटा हाय का पाईप पाना? बोल्ट लई आवळला की आटं जात्यात. तार लई आवळली की सूर जातोय. दाब लागंल तेवढाच द्यायचा!"

त्याने स्वतः कॅपो करायला घेतला. पितळेची पट्टी, आतून रबर आणि मागे स्क्रू. तारेची खरखर थांबेपर्यंत स्क्रू फिरवायचा, पुढे एक आटाही नाही. जेवणाच्या सुट्टीत, कारखान्यातल्या भंगारातून, तीन दिवसांत त्याने तो उभा केला.

तिसऱ्या दिवशी नवा सुपरवायझर त्याच्या टेबलापाशी आला. बाहेरचा माणूस, नुकताच बदलून आलेला. त्याने ती वस्तू उचलून विचारलं, "ये कौन से मशीन का पार्ट है?"

मारुतीला खोटं बोलता येत नाही, आणि त्या आठवड्यात आमचं गाणं पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीत, काळी दोनमध्ये, बसवणं चाललं होतं. तो म्हणाला, "काळी दोनचा, सायेब."

साहेबाने डायरीत लिहून घेतलं. आठवड्याने मेंटेनन्सची मीटिंग झाली. साहेबाने डायरी उघडली. "वो काली दो का क्या हुआ?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मारुती उठून उभा राहिला. "चालू हाय सायेब. जरा चढत हुती. उतरवली."

"गुड," साहेब म्हणाला आणि पुढच्या मशीनकडे वळला!

तो पितळेचा कॅपो मी अजून वापरतो. जहाजावरचा कधीच गंजला.

* * *

चवथीला मोरजीला शालिनीबायच्या मामाकडे आम्ही दरवर्षी जायचो. गणपतीसमोर दुपारी तासभर गायचं, मग जेवायचं. एका वर्षी तिथे पोचल्यावर मी केस उघडली, तर कॅपो नाही. सगळे खिसे तपासले. मग मारुतीला हळूच विचारलं, "कॅपो तुझ्या तबल्याच्या पिशवीत गेला काय रे?"

शालिनीबायची मामी दारात उभी होती. त्यांना कमी ऐकू यायचं. त्याला काय हवंय म्हणून त्यांनी विचारलं, "कितें जाय ताका?"

मारुती मोठ्याने म्हणाला, "कॅपो पायजे म्हणं!"

"कापां? हांव आतां करतां!" आणि मामी आत गेल्या.

आता आमच्याकडे कापां म्हणजे नीरफणसाच्या तळलेल्या फोडी, हे मारुतीला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मामींना हाक मारून थांबवण्याइतका माझा आवाज मोठा नव्हता. दहा मिनिटांत रवा लावलेल्या गरम गरम कापांची बशी माझ्यापुढे आली. सगळ्या घराने मला आधी खायला लावलं. पाहुण्याने मागून घेतलंय म्हटल्यावर नको कसं म्हणणार?

मी खाल्ली. हात पुसले, पण ते तेल काही जाईना. बोटं तारांवरून नुसती सरकत होती. कॅपो नसल्यामुळे शालिनीबायनी पट्टी खाली घेतली, आणि तेवढ्या खाली घेतल्यावर आरतीलासुद्धा त्या पुरुषासारख्या ऐकू येत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर मामी परत बशी घेऊन आल्या. "आनीक जाय?"

"ताका नाका," रामनाथबाब म्हणाले. "ताणें पयलीं सगळीं तारांक चारलीं!"

* * *

मांद्र्याला समुद्राजवळ एका ओळखीच्या माणसाचं गेस्टहाऊस होतं. त्याच्या पाहुण्यांना "लोकल म्युझिक" हवं होतं, म्हणून संध्याकाळी पाच वाजता आम्ही अंगणात बसलो. पाहुण्यांत एक उंच गोरा माणूस होता, स्वतः गिटार वाजवणारा. त्याच्याजवळ तळहातात मावेल एवढं यंत्र होतं. तार छेडली की त्यावर दिवा लागायचा. सूर बरोबर असला तर हिरवा, नाहीतर लाल. आमच्याकडे तोवर ते कुणी पाहिलं नव्हतं.

त्याने मोठ्या प्रेमाने माझी गिटार घेतली. कॅपो चढवला आणि सहाच्या सहा तारा हिरव्या करून दिल्या. माणूस जाणकार होता, कॅपो लावल्यानंतरच सूर बघत होता. मला त्याच्याबद्दल आदर वाटला.

मग रामनाथबाबांनी पेटी उघडली आणि आम्ही सुरू झालो. कानात खडे पडावेत तसं वाटलं! पाहुण्याने ताबडतोब यंत्र पेटीसमोर धरलं. लाल. दुसरा सूर, लाल. तो फार नम्रपणे मला म्हणाला की ही पेटी थोडी उतरलेली आहे, दुरुस्त करून घ्यायला हवी. मी ते रामनाथबाबांना सांगितलं. सांगताना मी नजर जमिनीवर ठेवली होती.

रामनाथबाब रागावले नाहीत. "ताका सांग, ही पेटी म्हज्या बापायन वाजयल्या. यंत्र नवें आसा, शिकतलें हळूहळू. तूं गिटार पेटीक जुळय."

मी कॅपो न काढता सहाही तारा पेटीच्या सुरावर उतरवल्या. पाहुणा पुढे सरकून बसला, यंत्र हातात धरून. आम्ही तासभर वाजवलं. शालिनीबाय त्या दिवशी सुंदर गायल्या. यंत्रावर हिरवा दिवा एकदाही लागला नाही.

शेवटी तो माणूस उठून आला. गोंधळलेला होता. म्हणाला, सगळं इतकं एकजीव कसं वाटलं, दिवा तर एकदाही हिरवा झाला नाही! मी तेही भाषांतर करून सांगितलं.

रामनाथबाब पेटीचा भाता बंद करत होते. त्यांनी वरही बघितलं नाही.

"आयकूंक उजवाड कित्याक जाय?"

ऐकायला उजेड कशाला लागतो, हे इंग्रजीत सांगताना मला घाम फुटला.

* * *

डिचोलीला एका हॉलमध्ये सरकारी समारंभ होता. आमचं स्वागतगीत आणि त्याआधी स्थानिक पुढाऱ्याचे "दोन शब्द". दोन शब्दच म्हटल्यावर मी कॅपो लावून, सूर जुळवून तयार बसलो.

पंधरा मिनिटं झाली. पंचवीस झाली. पंखे बंद, हॉलमध्ये उकाडा. भाषण भाषेवर चाललेलं. मराठी की कोंकणी, ते मात्र नक्की कळत नव्हतं, कारण समोर दोन्हींकडची माणसं बसली होती. "आपली भाषा, आपली भाषा" एवढंच ऐकू येत होतं.

तारा इतका वेळ दाबून ठेवल्या की ताण बदलतो, सूर हलतो. रामनाथबाबांनी डोळ्यांनीच खूण केली, काढ तो. मी हळूच स्क्रू सैल करायला घेतला. माझ्यासमोर गिटारचा माईक चालू आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं.

त्याच वेळी पुढारी हात वर करून ओरडले, "आमची भाषा दाबून ठेवणाऱ्यांना मी सांगू इच्छितो, आमचा आवाज..."

माझ्या हातून कॅपो सटकला आणि सहाही तारा एकदम सुटल्या. "ढांगऽऽ!"

मग जो काही टाळ्यांचा कडकडाट झाला! मागून शिट्ट्या आल्या. पुढाऱ्यांना वाटलं आता याच्या पुढे बोलण्यात अर्थ नाही. त्यांनी नमस्कार केला आणि खाली बसले.

स्वागतगीत झाल्यावर ते सरळ माझ्याकडे चालत आले. माझी सरकारी अनुदानातल्या शाळेतली नोकरी! मी उभा राहिलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुजें टायमिंग बरें आसा. फुडल्या भाशणाक येतलो?"

मी काही बोलायच्या आत मागून रामनाथबाब म्हणाले, "येतलो. पूण धा मिनटां जालीं की तो वाजयता!"

* * *

आता शेवटचा.

एका वर्षी शालिनीबायच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, थायरॉइडचं. पणजीला पंधरा दिवस होत्या. परत आल्या तेव्हा आवाज नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, येईल, पण कितपत येईल ते सांगता येत नाही. दोन महिने त्या वर्गात फळ्यावर लिहून शिकवायच्या. मुलांना गप्प करायला डस्टर आपटायच्या. मी ऑफिसात बसून तो आवाज ऐकायचो.

बोलण्यापुरता आवाज आला. मग हळूहळू गाण्यापुरताही आला. वर्षभराने त्या तालमीला आल्या आणि म्हणाल्या, "काळी चार. नेहमीसारखी."

बाकी गाण्यांना पट्टी बदलली तरी आमच्या पहिल्या गाण्याला वीस वर्षं त्यांची तीच पट्टी. मी कॅपो चौथ्या घरावर लावला. अंतऱ्यात वरच्या सुराशी आवाज फाटला. त्यांनी परत घेतला, परत फाटला. तिसऱ्यांदा घेतला नाही. पाणी प्याल्या आणि घरी गेल्या. आम्हा तिघांपैकी कुणीही "पट्टी उतरवूया" म्हणू शकलं नाही. पट्टी उतरवायची म्हणजे तो आवाज गेला असं त्यांना तोंडावर सांगायचं.

त्या गेल्यावर मारुती म्हणाला, "न सांगता उतरवली तर?"

रामनाथबाबांनी त्याच्याकडे बघितलं. सुराच्या बाबतीत या माणसाने कधी खोटं केलं नव्हतं. भर मंडपात भटजींना "मंत्र बेसूर म्हणता" असं सांगितलेला माणूस! मग त्यांनी पेटीवर काळी तीन, म्हणजे कॅपोची दोन घरं खाली, दाबून धरली आणि मला म्हणाले, "जुळय."

कार्यक्रम कारापूरलाच होता, संध्याकाळी, देवळासमोर. मी कॅपो दुसऱ्या घरावर लावला. लावल्यावर एकेक तार परत बघितली. इतकी काळजीपूर्वक मी आयुष्यात कधी गिटार लावली नसेल. एक तार जरी चढी राहिली तरी शालिनीबायच्या कानाला ते कळणार. मारुती मुद्दाम माझ्या आणि त्यांच्या मध्ये बसला, गिटारची मान त्यांना दिसू नये म्हणून. चांगला रुंद माणूस आहे.

रामनाथबाबांनी सूर दिला. शालिनीबायनी डोळे मिटले. पहिलं कडवं गेलं. अंतरा आला. मारुतीचा हात तबल्यावर इतका हलका झाला की ठेका जेमतेम ऐकू येत होता. तो वरचा सूर आला आणि शालिनीबाय त्यावर जाऊन थांबल्या. भरलेला, सरळ, कुठेही चीर नाही. त्यांनी तो लांबवला. समोर बसलेल्या बायका रडत होत्या. त्यांना सगळ्यांना ऑपरेशनचं ठाऊक होतं.

सहा गाणी झाली. नंतर देवळाच्या मागच्या बाजूला आम्ही चौघं चहा घेत उभे होतो. शालिनीबायच्या चेहऱ्यावर वर्षभराने रंग आला होता. त्यांनी रामनाथबाबांना विचारलं,

"काळी चारच होती नव्हे, बाब?"

मी कपात बघायला लागलो. मारुती आकाशात.

"काळी चार," रामनाथबाब म्हणाले.

"मग तुमची बोटं आज एक पट्टी अलीकडे कशी पडत होती?"

रामनाथबाबांनी दोन्ही हात पुढे केले, उलटसुलट करून पाहिले. सत्तरीच्या पुढचे हात.

"पिराय जाली गो शालिनी," त्यांनी वयावर ढकललं. "बोटां घसरतात."

शालिनीबायनी चहा संपवला, कप कठड्यावर ठेवला आणि पदर खोचला.

"मग पुढल्या आयतारा मांद्र्याला पण अशीच घसरू देत!"